पत्त्यांचे स्वयंचलित गोपन

पत्त्यांचे स्वयंचलित गोपन म्हणजे मजकुरात आलेले व्यक्तींचे पत्ते संगणकप्रणालीच्या साहाय्याने शोधून ते झाकणे, वगळणे किंवा त्यांच्या जागी ढोबळ माहिती घालणे. न्यायालयीन निकाल, रुग्णांची टिपणे, तक्रारअर्ज, ग्राहकसेवेतील संभाषणे इत्यादी दस्तऐवज प्रसिद्ध करण्यापूर्वी किंवा संशोधनासाठी देण्यापूर्वी ही प्रक्रिया केली जाते. तिचे दोन टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात मजकुरातील पत्त्याचा भाग ओळखला जातो व दुसऱ्यात तो वाचकापासून कायमचा दूर केला जातो. दस्तऐवजांची संख्या मोठी असल्यास हे काम केवळ हाताने करणे शक्य नसते. मात्र संगणकाकडून सुटलेला एखादा पत्ताही संबंधित व्यक्तीच्या जिवावर बेतू शकतो. त्यामुळे या क्षेत्रात वेगापेक्षा न सुटण्याला अधिक महत्त्व दिले जाते.

पार्श्वभूमी

दूरध्वनी क्रमांक किंवा परवलीचा शब्द उघड झाल्यास तो बदलता येतो. राहते घर बदलणे तितके सोपे नसते. १९८९ मध्ये अमेरिकन अभिनेत्री रिबेका शेफर यांची लॉस एंजेलिस येथे त्यांच्या घराच्या दारात हत्या झाली. मारेकऱ्याने त्यांचा पत्ता खाजगी गुप्तहेरामार्फत कॅलिफोर्नियाच्या वाहन नोंदणी विभागाच्या नोंदींतून मिळवला होता. या घटनेनंतर वाहनचालकांच्या नोंदींतील वैयक्तिक माहितीला संरक्षण देणारा संघीय कायदा १९९४ मध्ये संमत झाला. जुलै २०२० मध्ये न्यू जर्सीतील संघीय न्यायाधीश एस्थर सालास यांच्या घरी येऊन हल्लेखोराने गोळीबार केला व त्यात त्यांचा मुलगा डॅनियल मरण पावला. त्याच वर्षी न्यू जर्सी राज्याने न्यायाधीश, सरकारी वकील व पोलीस यांच्या घराचे पत्ते प्रसिद्ध करण्यावर निर्बंध घालणारा 'डॅनियलचा कायदा' केला.

पूर्ण पत्ता नसतानाही धोका उरतो. अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ लटान्या स्वीनी यांनी १९९० च्या जनगणनेच्या आधारे असे दाखवले की, पाच अंकी टपाल क्रमांक, जन्मतारीख व लिंग एवढ्या तीन गोष्टींवरून अमेरिकेतील सुमारे ८७ टक्के लोक एकमेवपणे ओळखता येण्याची शक्यता आहे.

ओळखण्याच्या पद्धती

साचे जुळवणे : ठरावीक रचना असलेला भाग नियमांनी शोधता येतो. भारतातील पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून वापरात आहे. तो सहा अंकी असून त्याची सुरुवात शून्याने होत नाही. तिसऱ्या अंकानंतर कधी कधी जागा सोडलेली असते. एवढ्या माहितीवर साचा तयार होतो. परंतु सहा अंकी रक्कम किंवा पावती क्रमांकही त्याच साच्यात बसतो, म्हणून आजूबाजूचे शब्द तपासावे लागतात.

स्थळनामांच्या याद्या : गावे, तालुके, रस्ते व वसाहती यांच्या यादीशी मजकूर ताडून पाहिला जातो. ही पद्धत समजण्यास सोपी असली तरी नव्या वसाहती व लेखनातील फरक यांपुढे ती अपुरी पडते.

यंत्राधारित शिक्षण : माणसांनी खुणा केलेल्या वाक्यांवरून प्रणाली संदर्भ शिकते. व्यक्ती, स्थळ, संस्था यांची नावे मजकुरातून वेचण्याच्या या शाखेला नामघटक-ओळख म्हणतात. 'महात्मा गांधी' हे एका वाक्यात व्यक्तीचे नाव असते, तर पुढे 'रस्ता' आल्यास पत्त्याचा भाग ठरते. हा भेद यादीला कळत नाही, पण शेजारच्या शब्दांचा विचार करणाऱ्या प्रणालीला बहुधा कळतो.

प्रत्यक्षात या तिन्ही पद्धती एकत्र वापरल्या जातात.

मराठी मजकुरातील अडचणी

मराठीत पत्ता लिहिण्याची एकच रीत नाही. शहरात सदनिका, इमारत, रस्ता असा क्रम दिसतो, तर ग्रामीण भागात 'मु. पो.', 'ता.', 'जि.' या संक्षेपांनी पत्ता पुरा होतो. जमिनीच्या दस्तऐवजांत गट क्रमांक किंवा सर्व्हे क्रमांक असतो आणि पोलिसांच्या नोंदींत 'रा.' या अक्षरानंतर निवासस्थान येते. असे संक्षेप ओळखप्रणालीला उपयोगी पडतात. मात्र 'विठ्ठल मंदिरामागे' किंवा 'जुन्या एसटी स्टँडसमोर' अशा खुणांमध्ये क्रमांक नसतो, तसेच ठरावीक शब्दही नसतो.

दुसरी अडचण शब्दरूपांची आहे. 'पुणे' या नावाची 'पुण्यात', 'पुण्याहून', 'पुण्याच्या' अशी रूपे होतात, तर 'सातारा'चे 'साताऱ्याला' होते. यादीत केवळ मूळ नाव असल्यास ही रूपे निसटतात. उलटपक्षी 'पुणेकर' हे आडनावही असू शकते व शहरातील रहिवाशांचा उल्लेखही.

तिसरी अडचण लिपीच्या संगणकीय नोंदीची आहे. केवळ इंग्रजी अंकांसाठी लिहिलेला साचा देवनागरी अंकांतील पिनकोड सोडून देतो. 'साताऱ्याला' यातील 'ऱ्य' युनिकोडमध्ये एकाहून अधिक प्रकारे टंकलेला आढळतो. डोळ्यांना सारखे दिसणारे हे शब्द संगणकाला वेगळे वाटतात. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधील मजकूर तर आधी युनिकोडमध्ये रूपांतरित केल्याशिवाय तपासताच येत नाही.

पुण्यातील एल३क्यूब समूहाने २०२२ मध्ये 'महानेर' हा सुमारे २५,००० मराठी वाक्यांचा चिन्हांकित संच प्रसिद्ध केला. त्यामुळे मराठीत स्थळनामे ओळखणाऱ्या प्रणाली घडवणे सुकर झाले. तथापि स्थळनाम ओळखणे व पूर्ण पत्ता ओळखणे ही दोन वेगळी कामे आहेत. बातमीतील 'नाशिक' हा शब्द सहसा झाकण्याची गरज नसते, पण एखाद्याच्या घराच्या वर्णनात आलेले 'नाशिक' हे झाकायच्या भागात मोडू शकते.

गोपनाचे प्रकार

सर्वांत साधा प्रकार म्हणजे पत्ता काढून त्या जागी '[पत्ता]' अशी खूण ठेवणे. यात वाक्याचा अर्थ टिकतो. दुसऱ्या प्रकारात खऱ्या पत्त्याऐवजी काल्पनिक पत्ता घातला जातो. त्यामुळे चुकून राहिलेला खरा पत्ता बनावट पत्त्यांच्या गर्दीत सहज ओळखू येत नाही.

तिसरा प्रकार सामान्यीकरणाचा, म्हणजे तपशील कमी करण्याचा आहे. अमेरिकेतील आरोग्यविषयक माहितीच्या 'हिपा' नियमांतील एका पद्धतीनुसार राज्याहून लहान सर्व भौगोलिक तपशील काढावे लागतात. टपाल क्रमांकाचे पहिले तीन अंक ठेवता येतात, मात्र त्या तीन अंकांच्या प्रदेशाची एकूण लोकसंख्या २०,००० हून अधिक असावी लागते. ती तशी नसल्यास तेथे तीन शून्ये लिहितात. ठिकाणाची माहिती पूर्णपणे पुसल्यास संशोधनाचे नुकसान होते, हे यामागील कारण आहे. १८५४ मध्ये लंडनमध्ये जॉन स्नो यांनी पटकीचे मृत्यू कोणत्या घरांत झाले हे तपासले, म्हणूनच ब्रॉड स्ट्रीटवरील पाण्याच्या पंपाकडे लक्ष वेधले गेले.

गोपन प्रत्यक्ष फाइलमध्ये झाले आहे याची खात्री करावी लागते. पीडीएफमध्ये मजकुरावर केवळ काळा पट्टा ठेवला, तर खालचा मजकूर निवडून दुसरीकडे उतरवता येतो. छायाचित्राच्या फाइलमध्ये ते काढल्याच्या ठिकाणाचे अक्षांश व रेखांश नोंदलेले असू शकतात. चित्रातील पाटीवरचा पत्ता झाकूनही ही नोंद तशीच राहते.

मूल्यमापन

प्रणालीची पारख दोन मापांनी होते. तिने पत्ता म्हणून दाखवलेल्यांपैकी खरोखर पत्ते किती, हे अचूकतेचे माप होय. मजकुरातील एकूण पत्त्यांपैकी तिने किती शोधले, हे व्याप्तीचे माप होय. उदाहरणार्थ, १,००० पत्त्यांपैकी ९९० पत्ते सापडले तर व्याप्ती ९९ टक्के भरते. आकडा मोठा वाटला तरी दहा पत्ते उघडे राहिलेले असतात. विनाकारण झाकलेला शब्द वाचनात अडथळा आणतो आणि तो पुढे दुरुस्त करता येतो. प्रसिद्ध झालेला पत्ता मात्र परत घेता येत नाही. यामुळे संवेदनशील दस्तऐवजांत व्याप्तीला प्राधान्य देतात व शेवटची तपासणी माणसाकडे ठेवतात.

भारतातील कायदेशीर संदर्भ

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्याचे कलम २३ अधिक नेमके आहे. माध्यमांनी बालकाचे नाव व पत्ता यांबरोबरच शाळा, शेजारपरिसर व ओळख पटवू शकेल असा कोणताही तपशील उघड करू नये, असे ते सांगते. दुसऱ्या बाजूस माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम १० नुसार, दस्तऐवजातील देता न येणारा भाग वेगळा काढून उरलेला भाग अर्जदारास देता येतो. योग्य गोपनामुळे संपूर्ण कागद रोखून धरण्याचे कारण उरत नाही.

मर्यादा

पोक्सो कायद्यातील शब्दयोजना स्वयंचलित पद्धतीची मुख्य मर्यादा दाखवून देते. 'गावातील एकमेव दवाखान्याशेजारी राहणारी शिक्षिकेची मुलगी' या वर्णनात रूढ अर्थाने पत्ता नाही, तरी गावकऱ्यांना घर कळते. अशा अप्रत्यक्ष खुणा शोधण्यासाठी स्थानिक परिस्थितीचे ज्ञान लागते आणि ते प्रणालीकडे बहुधा नसते. याउलट सर्वच स्थळनामे सरसकट झाकल्यास दूषित पाण्याच्या किंवा धोकादायक इमारतींच्या अहवालातून नागरिकांना आवश्यक असलेली माहितीच नाहीशी होते. म्हणून कोणत्या दस्तऐवजात किती तपशील ठेवावा, हे त्याचा हेतू व त्यातील व्यक्तींना असलेला धोका पाहून आधी ठरवावे लागते.