गाळा भाड्याचा, मशीन आपलं!

मैत्रिणींनो, घरात सुरू केलेला उद्योग एक दिवस घरात मावेनासा होतो. पिको-फॉलच्या जोडीला ओव्हरलॉक मशीन येतं, शेवयांचं यंत्र येतं, लग्नाच्या ऑर्डरींसाठी घेतलेली पातेली आणि पराती पलंगाखालून डोकावू लागतात. घरची मंडळी कुरकुर करतात आणि मग बाजारात किंवा गावाबाहेरच्या शेडमध्ये एक गाळा भाड्याने घेतला जातो. अनामत भरली, शटरला दोन कुलपं लावली की आपण निर्धास्त! विम्याचं विचारलं तर उत्तर ठरलेलं, ''गाळेमालकाने काढला असेल की!''

काढलाही असेल. पण तो त्याच्या भिंतींचा आणि छपराचा. आत ठेवलेल्या तुमच्या मशीनशी त्या पॉलिसीचा संबंध नाही. घराचा विमा असला तर तोही घरातल्या सामानापुरताच असतो.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत घुसलं. त्याआधी ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली होतं. दोन्ही वेळा तळमजल्यावरची दुकानं, गोदामं बुडाली. आता विचार करा, भाड्याचे गाळे कुठे असतात? तळमजल्यावरच! जड यंत्रं वरच्या मजल्यावर कोण चढवणार? पंचनामा होऊन सरकारी मदत मिळाली तरी तेवढ्यात नवं यंत्र येईलच असं नाही, कर्जाचे हप्ते मात्र चालूच राहतात.

लहान उद्योगांसाठी १ एप्रिल २०२१ पासून 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' नावाची पॉलिसी आहे. एका जागेवरच्या मालमत्तेची किंमत पाच कोटींपर्यंत असेल तर ती घेता येते. आपली यंत्रं त्यात सहज बसतात. आग, वीज कोसळणं, वादळ, पूर, भूकंप, दंगल यांत झालेलं नुकसान तिच्यात येतं. शॉर्टसर्किटने एखादं मशीन आतून जळालं, तर त्या मशीनचे पैसे मात्र यात मिळत नाहीत. त्यातून आग पसरली, तर बाकीच्या सामानाचे मिळतात.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो पत्त्याचा. मशीन कर्जावर घेतलेलं असलं की विमा बहुधा बँकच उतरवते आणि हप्ता आपल्या खात्यातून वळता करते. पॉलिसीचा कागद मात्र आपण कधी पाहिलेलाच नसतो! त्यावर कर्ज घेतानाचा, म्हणजे घरचा पत्ता असतो. यंत्र गाळ्यात हलवलं, पण पॉलिसीत गाळ्याचा पत्ता नाही, तर कंपनी दावा नाकारू शकते. बँकेत जाऊन पॉलिसीची प्रत मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे. पत्ता बदलल्याची लेखी नोंदही करून घ्या. बचत गटाचं यंत्र असेल तर पॉलिसी गटाच्या नावावर हवी. भाडेकरार अध्यक्षताईंच्या नावावर, कर्ज गटाच्या, बिल तिसरीच्याच नावावर, असा गोंधळ दाव्याच्या वेळी फार महाग पडतो.

हप्ता कमी बसावा म्हणून किंमत कमी सांगण्याचा मोह अनेकींना होतो. त्याचं गणित पाहा. यंत्रं दोन लाखांची, विमा एक लाखाचा आणि नुकसान झालं पन्नास हजारांचं. तुम्हाला वाटेल, पन्नास हजार तर एक लाखात बसतात! पण विमा निम्म्याच किमतीचा, म्हणून भरपाईही निम्मी, पंचवीस हजार. या पॉलिसीत पंधरा टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते, त्यापुढची नाही.

आणि चोरी? नुसती चोरी यात धरलेली नसते. आग-पुरासारख्या घटनेनंतर सात दिवसांत झालेली चोरी तेवढी येते. एरवीच्या चोरीसाठी घरफोडीचा विमा वेगळा काढावा लागतो. त्यातही कुलूप तोडल्याची, शटर वाकवल्याची खूण लागते. चोरीआधी बळाचा वापर झालेला असला पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयानेही २००४ च्या एका निकालात मान्य केलं आहे. म्हणजे किल्ली शेजारच्या टपरीवर ठेवायची सवय असेल आणि कुणी तिनेच गाळा उघडून मशीन नेलं, तर भरपाईची आशा धरू नका. गाळा बरेच दिवस बंद राहणार असेल, उदाहरणार्थ बाळंतपणासाठी किंवा पावसाळ्यात काम नसतं म्हणून, तर कंपनीला आधी कळवा. किती दिवसांची सूट आहे ते पॉलिसीत लिहिलेलं असतं.

गिऱ्हाइकांनी शिवायला दिलेल्या साड्या, दुसऱ्याकडून आणलेली भांडी गाळ्यात असतील तर तसं एजंटला सांगून पॉलिसीत वेगळं लिहून घ्या. न लिहिलेलं सामान त्यात आपोआप धरलं जाईल असं समजू नका.

बिलं गाळ्यातल्या कपाटात ठेवू नयेत, हे वेगळं सांगायला हवं का? पण तिथेच असतात! यंत्रासोबत तीही भिजतात. बिलाचा आणि यंत्रावरच्या नंबरच्या पट्टीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, मुलीला किंवा बहिणीलाही पाठवून द्या. नुकसान झालंच तर कंपनीला त्याच दिवशी कळवा, चोरी असेल तर पोलिसांत तक्रार द्या. चिखल उपसायची आपल्याला घाई असते, पण आधी फोटो काढा. सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत बिघडलेलं यंत्र भंगारात देऊ नका.

दावा नाकारला तर आधी कंपनीकडेच लेखी तक्रार करायची. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. एकटीच्या मालकीच्या आणि सूक्ष्म उद्योगांच्या तक्रारी तिथे घेतल्या जातात. मात्र कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत जायला हवं. मुंबईप्रमाणे पुण्यालाही त्यांचं कार्यालय आहे. फी नाही आणि वकीलही लागत नाही.