टोपलीभर मातीचे अंदाजपत्रक

दिवाळीच्या पहिल्या दिवशी आमच्या घरी फराळाला पोहे लागतात, आणि ते पोहे मुंबईच्या वाण्याकडचे कधीच नसत. अलिबाग तालुक्यात, धरमतरच्या खाडीकाठी माझ्या मामांची थोडी खारजमीन आहे. हळवे भात घरात आले, की मामा त्याचे पोहे करून घेत आणि रेवसच्या लाँचने येणाऱ्या कुणा ओळखीच्या हाती पत्र्याचा डबा भाऊच्या धक्क्यावर पाठवून देत. डब्यावर फडके बांधलेले, आणि फडक्याच्या गाठीत मामींची चिठ्ठी!

एके वर्षी तो डबा आला नाही. "मामांची प्रकृती बरी नसेल," सौ. म्हणाली. दुसऱ्या वर्षीही डबा नाही. मग मात्र मला राहवेना. भाऊबीज आटोपून मी लाँच गाठली.

मामांची प्रकृती उत्तम होती. बिघडली होती ती शेताची प्रकृती! जिथे दिवाळीच्या सुमारास पिवळेधमक भात डोलत असायचे, तिथे खाडीचे पाणी चमकत होते आणि त्यातून तिवरांची कोवळी रोपे डोके वर काढून बघत होती.

"हे कशाने झाले, मामा?"

"खेकड्याने," मामा शांतपणे म्हणाले.

मला वाटले, म्हातारा थट्टा करतो आहे. पण ती थट्टा नव्हती.

वाचकहो, खारजमीन म्हणजे समुद्राच्या तोंडातून काढून घेतलेला घास. खाडीच्या बाजूने मातीचा मोठा बांध घालायचा. त्याला बाहेरकाठा म्हणतात. बांधात उघाडी बसवायची. भरतीला तिची झापे आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात, आणि शेतातले पावसाचे पाणी खाडीत निघून जाते. दोन-तीन पावसाळे मिठाचा अंश धुऊन गेला, म्हणजे जमीन भात देऊ लागते. पुढे पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने खारेपणा सोसणाऱ्या 'पनवेल-१', 'पनवेल-२', 'पनवेल-३' अशा जाती दिल्या. भाताच्या जोडीला शेततळ्यातला जिताडा. पेण-अलिबागचा हा पट्टा भाताचे कोठार म्हणून मिरवला, तो या मातीच्या भिंतीच्या जोरावर.

पण भिंत मातीची! खेकडा तिला बीळ पाडतो. त्या बिळातून भरतीचे पाणी आधी थेंबाथेंबाने येते, मग धारेने. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आणि वरून पावसाचा मारा एकत्र आला, की बांधाला खांड जाते. आज टोपलीभर मातीने बुजणारे भोक उद्या यंत्र आणूनही आवरत नाही.

"तुम्हाला ते भोक दिसले नव्हते?" मी विचारले.

"दिसले होते की! आषाढ लागायच्या आधीच दिसले होते."

"मग?"

"मग काय? अर्ज केला."

मला हसू आले, पण मामा हसले नाहीत. माझ्या लहानपणी अर्ज नव्हता, 'जोळ' होती. बांधाला धोका दिसला, की गावात हाक फिरे आणि घरटी एक माणूस फावडे-टोपली घेऊन बांधावर हजर होई. ज्याचे शेत बांधापासून लांब, तोही येई. कारण खांड गेली तर पाणी कुणाचा सातबारा बघून शिरत नाही. त्याही आधी शिलोत्रीची पद्धत होती. बांध राखणाऱ्याला शेतकरी बिघ्यामागे ठराविक भात देत. पुढे खोतांचे राज्य आले. त्यांचा जाच एवढा, की १९३३ साली चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या पाठीशी उभे राहून संप पुकारला आणि तो सहा वर्षे चालवला. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कसणारा जमिनीचा मालक झाला. न्याय झाला, उशिरा पण झाला. मात्र जमीन वाटली गेली ती तुकड्यातुकड्याने. बांधाचे तुकडे कसे करणार? तो सगळ्यांचा राहिला, म्हणजे हळूहळू कुणाचाच राहिला नाही.

ही पोकळी भरायला सरकार पुढे आले. मुंबई राज्यात १९४८ साली खारजमिनींचा कायदा झाला होता. महाराष्ट्राने १९७९ साली खारभूमी विकासाचा नवा कायदा केला. अनुदाने आली, दगडाचे अस्तर आले, नव्या उघाड्या आल्या. हे उपकार नाकारणारा कृतघ्न ठरेल. कारण असा बांध गावाने केवळ वर्गणीवर बांधणे शक्यच नव्हते. पण बांधाबरोबर आणखी एक गोष्ट आली. लोक म्हणू लागले, "बांध सरकारचा आहे!"

आणि सरकारी पैशाची एक खोड असते. तो नवे बांधायला उत्साहाने येतो, जुने राखायला कुरकुरतो. नव्या कामाला कोनशिला असते, फीत असते, छायाचित्र असते. खेकड्याचे बीळ बुजवल्याची कोनशिला कुणी पाहिली आहे का?

मामांचा अर्ज एका कचेरीत पोचला. तिथल्या गृहस्थांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिले आणि म्हणाले, "आजोबा, एवढ्याशा कामाला आमच्याकडे शीर्षच नाही. मोठे काम असेल तर अंदाजपत्रक करता येईल." श्रावणी पौर्णिमेच्या उधाणाने ती अडचण दूर केली. काम मोठे झाले!

मोठे झाले, तरी सोपे झाले नाही. खांडीतून आलेल्या पाण्याबरोबर तिवरांचे बी येते आणि रुजते. २००५ साली उच्च न्यायालयाने तिवरांच्या तोडीला बंदी केली आणि भोवतालच्या पन्नास मीटरांतही बांधकामाला मज्जाव केला. किनारा राखायचा तर हे हवेच. लाटेचा पहिला तडाखा तिवरेच झेलतात. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा समुद्र रागावला म्हणजे काय करतो ते साऱ्यांनी पाहिले. पण ज्याच्या भातशेतात खांडीमुळे तिवरे उगवली, त्याने काय करायचे? बांध वेळेवर बुजला असता तर तिथे तिवर उगवलेच नसते.

मुंबईला परतताना मला हॉलंड आठवले. त्या देशाचा केवढा तरी भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे. १९५३ च्या पुरानंतर तिथल्या सरकारने प्रचंड बांध उभारले, हे सर्वांना ठाऊक असते. पण तिथे पाणी-मंडळे आहेत, आणि त्यांतले ऱ्हाइनलँडचे मंडळ तर तेराव्या शतकापासून चालत आले आहे, हे थोड्यांनाच ठाऊक असते. त्यांची निवडणूक वेगळी आणि करही वेगळा. बांध सरकारी पैशातून झाला, तरी तो राखणारा आणि त्यासाठी दरसाल पैसे मोजणारा माणूस जवळचाच. आपली शिलोत्री काय वेगळी होती? फक्त आपण ती विसरलो.

मी हे मामांना कळवले. ते फोनवर एवढेच म्हणाले, "हॉलंडला कशाला जायला हवे? माझ्या आज्याला विचारले असते तरी त्याने सांगितले असते."

तिसऱ्या उन्हाळ्यात अनुदान मंजूर झाले, परवानग्या मिळाल्या आणि यंत्राने खांड बांधली. हे श्रेय सरकारचे, आणि मामा ते मोकळ्या मनाने देतात. पण यंत्र गेले त्याच संध्याकाळी त्यांनी देवळात चार म्हातारे जमवले. ठरले ते एवढेच: मृगापूर्वी एकदा आणि पावसाळ्यातल्या प्रत्येक उधाणाआधी बांधावरून फेरी, घरटी एक माणूस, ज्याला यायला जमणार नाही त्याने एका दिवसाची मजुरी द्यायची. जमलेल्या पैशातून देवळामागे मातीचा ढीग आणि दहा टोपल्या कायमच्या ठेवल्या. तरुणांपैकी काही मुंबईत, काही कारखान्यांत, तेही म्हणाले, "आम्ही पैसे पाठवू." एकाने मात्र विचारले, "सरकारचे काम आपण का करायचे?"

मामा म्हणाले, "बांध सरकारचा असेल रे, पण ताटातला भात कुणाचा?"

मला वाटते, अनुदान देणाऱ्यांनीही आपल्या वहीत एक लहानसे शीर्ष उघडावे: राखणीचे. रक्कम थोडी असू दे, पण ती खांड जाण्याआधी, पावसाच्या तोंडावर, बांधावर फिरणाऱ्यांच्या हाती पडू दे. गावाने हात द्यावेत, सरकारने माती द्यावी. दोघांपैकी एकानेच करायचे म्हटले, की खेकड्याचे फावते.

त्या वर्षीही दिवाळीला डबा नव्हता. मीठ धुऊन जायला पाऊस लागतो. त्याला कुठलेच अनुदान घाई करवू शकत नाही. तो आला त्यानंतरच्या दिवाळीला. सौ.ने फडके सोडले, तर डबा अर्धाच भरलेला. गाठीतल्या चिठ्ठीत मामींनी लिहिले होते: "वरच्या खाचरांत पीक आले. खालच्या अजून खारट आहेत. आवडीने खा. मामा बांधावर गेले आहेत."

ते पोहे आम्ही जपून पुरवले. धाकट्याने मात्र पहिलाच घास घेऊन तक्रार केली, "आई, जरा खारट लागतात!"

मिठाचा हात सौ.चाच जड झाला होता. पण मी काही बोललो नाही.