पेलोटॉनचं मौन : सायकल शर्यती आणि उत्तेजकं

आजचा विषय व्यावसायिक सायकलिंगमधली उत्तेजकं हा आहे. पण आपण औषधांपेक्षा जास्त वेळ गप्प बसण्याविषयी बोलणार आहोत. औषध शरीरात काय करतं हे डॉक्टर सांगतील. शेकडो लोकांना ठाऊक असलेली गोष्ट वर्षानुवर्षं बाहेर का येत नाही, हे समजायला मात्र तो खेळ कसा चालतो ते बघावं लागतं.

सुरुवातीला यात लपवण्यासारखं फारसं काही नव्हतं. १९२४ साली आन्री पेलिसिए हा नामवंत सायकलपटू टूर द फ्रान्स अर्ध्यात सोडून बाहेर पडला आणि त्यानं व त्याच्या भावानं आल्बेर लोंद्र या पत्रकारासमोर आपल्या पिशव्या उघडल्या. त्यात कोकेन होतं, क्लोरोफॉर्म होतं, गोळ्या होत्या. तक्रार औषधांची नव्हती, शर्यत माणसाला किती पिळून काढते याची होती. पुढे १९६५ साली फ्रान्सनं उत्तेजकांविरुद्ध कायदा केला. १९६७ च्या टूरमध्ये माँ व्हांतू या उघड्याबोडक्या डोंगरावर टॉम सिम्पसन हा ब्रिटिश सायकलपटू कोसळून गेला. त्याच्या शरीरात अ‍ॅम्फेटामाइन सापडलं. आता गोष्ट गुन्ह्याची झाली आणि मग ती लपवणं आलं.

नव्वदच्या दशकात ईपीओ आलं. हे मुळात मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठीचं औषध. त्यानं रक्तातल्या तांबड्या पेशी वाढतात, म्हणजे स्नायूंना ऑक्सिजन जास्त मिळतो. तीन आठवड्यांच्या शर्यतीत याचा फायदा केवढा, हे वेगळं सांगायला नको. पण रक्त घट्ट होतं आणि गुठळीचा धोका वाढतो. ते शोधणारी चाचणी २००० सालापर्यंत वापरातच नव्हती. म्हणून १९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेनं, म्हणजे यूसीआयनं, एक मर्यादा घातली : रक्तात तांबड्या पेशींचा वाटा ५० टक्क्यांच्या वर गेला, तर आरोग्याच्या कारणावरून काही दिवस शर्यतबंदी. झालं काय, की ती मर्यादा अनेकांसाठी लक्ष्यच बनली. पन्नासच्या जरा खाली राहा, म्हणजे झालं!

१९९८ च्या जुलैत फेस्टिना संघाचा मालिशवाला विली वूट फ्रान्स-बेल्जियम सरहद्दीवर पकडला गेला. त्याच्या गाडीत ईपीओसकट औषधांचा मोठा साठा होता. संघाची हकालपट्टी झाली. तरी त्या संघाचा तारा रिशार विरांक दोन वर्षं नाही-नाहीच म्हणत राहिला; कबुली दिली ती २००० साली, कोर्टात.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. लोक गप्प का बसतात?

पेलोटॉन म्हणजे शर्यतीतला सायकलपटूंचा मोठा घोळका. आपल्यापैकी ज्यांनी समोरच्या वाऱ्यात सायकल हाणली आहे, त्यांना पुढच्याच्या आडोशाची किंमत माहीत आहे. घोळक्यात राहिलं की पुष्कळ ताकद वाचते. म्हणजे इथे प्रतिस्पर्ध्याच्या मदतीशिवाय कुणाचंच चालत नाही. आणि मदत लागते म्हटल्यावर ती नाकारून शिक्षाही करता येते. त्यात करार एक-दोन वर्षांचे, पगार प्रायोजकाच्या हातात. एक नाव बाहेर आलं की प्रायोजक पळतो, आणि मेकॅनिकपासून स्वयंपाक्यापर्यंत सगळ्यांची चूल विझते. बोलणाऱ्याला फ्रेंचमध्ये ‘सूपमध्ये थुंकणारा’ म्हणतात. आपण म्हणतो, खाल्ल्या घरचे वासे मोजणारा. या अलिखित नियमाला नाव मिळालं ते माफियाच्या शब्दकोशातून : ओमेर्ता.

हा नियम मोडला की काय होतं, याची दोन उदाहरणं बघू. ख्रिस्तोफ बासों फेस्टिना संघात असूनही औषधांपासून दूर राहिला होता, आणि हे त्याच्या सहकाऱ्यांनीच पोलिसांना सांगितलं होतं. १९९९ च्या टूरमध्ये तो वर्तमानपत्रातल्या सदरात शंका मांडू लागला. लान्स आर्मस्ट्राँगनं भर शर्यतीत त्याला गाठून निघून जा म्हणून सुनावलं. बाकीचे बोलेनात. बासों काही दिवसांत शर्यत सोडून गेला.

दुसरं उदाहरण २००४ चं. इटलीच्या फिलिप्पो सिमेओनीनं डॉ. मिकेले फेरारींविरुद्ध साक्ष दिली होती, आणि फेरारी हे आर्मस्ट्राँगचेही सल्लागार. सिमेओनी पुढे निसटलेल्या छोट्या गटात जाऊन मिळाला, तर पिवळी जर्सी घातलेला आर्मस्ट्राँग स्वतः त्याच्यामागे गेला. आता, पिवळी जर्सी पुढच्या गटात असली की मागचे संघ तो गट सोडत नाहीत. त्यामुळे गटातल्या इतरांनीच सिमेओनीला मागे फिरायला लावलं. परतताना आर्मस्ट्राँगनं ओठांवरून चेन ओढल्याची खूण केली. हे टीव्हीवर जगानं पाहिलं. म्हणजे धमकी लपूनछपून नव्हती!

संघाबाहेर दुसरं हत्यार होतं, खटल्याचं. आर्मस्ट्राँगच्या संघात मालिश करणारी एमा ओ’रायली २००४ साली एका पुस्तकात बोलली, तर तिच्यावरही दावा ठोकला गेला. ती चारित्र्यहीन आहे असंही पसरवण्यात आलं.

मग मौन फुटलं कसं? आर्मस्ट्राँगचा दाखला असायचा की शेकडो चाचण्यांत आपण निर्दोष ठरलो. त्याला पाडलं ते साक्षींनी. २०१० मध्ये त्याचाच जुना सहकारी फ्लॉइड लँडिस बोलला. त्याचं स्वतःचं विजेतेपद आधीच गेलं होतं, त्यामुळे गमावण्यासारखं फार उरलं नव्हतं. पुढे अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेनं २६ जणांची साक्ष गोळा केली. त्यांत अकरा जुने संघसहकारी होते. खरं सांगणाऱ्यांना शिक्षेत सूट मिळाली. हे महत्त्वाचं आहे : एकट्यानं बोललं की माणूस संपतो, पण सगळे एकदम बोलले की शिक्षा कुणी कुणाला करायची? ऑक्टोबर २०१२ मध्ये त्याची सातही विजेतेपदं रद्द झाली. जानेवारी २०१३ मध्ये त्यानं टीव्हीवर कबुली दिली.

२००८ पासून सायकलपटूंच्या रक्ताच्या नोंदी वर्षानुवर्षं तपासल्या जातात, त्याला बायोलॉजिकल पासपोर्ट म्हणतात. तो उपयोगी आहेच. पण बोलणाऱ्याची नोकरी टिकेल याची हमी कुठलीही चाचणी देत नाही, आणि बासोंला हवी होती ती तीच.

आणखी एक गोष्ट सांगून आपण प्रश्नांकडे वळू. १९९९ ते २००५ या सात वर्षांची विजेतेपदं यूसीआयनं दुसऱ्या कुणाला दिलीच नाहीत. मागच्या क्रमांकांवरच्या अनेकांची नावंही उत्तेजकांच्या प्रकरणांत आली होती, मग द्यायची कुणाला? यादीत त्या सात जागा आजही रिकाम्या आहेत. त्या वर्षांत जो कुणी औषध न घेता चौदाव्या नाहीतर चाळिसाव्या क्रमांकावर आला असेल, त्याची खरी जागा कोणती होती, हे आता त्यालासुद्धा कळायचा मार्ग नाही.