दुधाच्या वसाहतीतली सापाची पिल्ले

पावसाळा जरा स्थिरावला की गोरेगावच्या आरे कॉलनीत सर्पमित्रांचे फोन वाजू लागतात. कुणाच्या मोरीत वीतभर लांबीचे पिल्लू निघालेले असते, कुणाच्या चपलांच्या मांडणीमागे, तर कुणाच्या अंगणात भिजत पडलेल्या विटांखाली. फोन करणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: विषारी आहे का? दुसराही ठरलेला: याची आई इथेच कुठेतरी असेल ना? आणि हल्ली, विशेषतः कॉलेजात जाणाऱ्या मुलांकडून, तिसरा येतो: हे पाळता येईल का?

हा तिसरा प्रश्न मोबाइलच्या पडद्यावरून आला आहे. लाल, काळ्या आणि पिवळसर पांढऱ्या पट्ट्यांचे, पेन्सिलीएवढे साप तळहातावर खेळवणारे परदेशी हौशी लोक तिथे रोज दिसतात. त्यातले बरेच साप ‘मिल्क स्नेक’ असतात. उत्तर अमेरिकेतला हा बिनविषारी साप रात्री गोठ्यात सापडायचा, म्हणून तिथल्या शेतकऱ्यांनी समजूत करून घेतली की तो गाईचे दूध पितो, आणि तेच नाव त्याला चिकटले. प्रत्यक्षात तो गोठ्यात उंदरांच्या मागावर येत असे.

आरेच्या लोकांना ही गोष्ट नवी वाटू नये. १९४९ साली उभ्या राहिलेल्या या दूध वसाहतीत म्हशींचे ३२ तबेले वसवले गेले. तबेला आला की पेंड, चुणी, भुसा आला, त्यामागे घुशी-उंदीर आले आणि उंदरांमागे धामण आली. अमेरिकेतल्या गोठ्यात जे घडले तेच इथेही घडले. धामण म्हशीच्या मागच्या पायांना विळखा घालते आणि सडाला तोंड लावून दूध पिते, असे आजही अनेक जण छातीठोकपणे सांगतात.

सापाच्या तोंडाची रचना पाहिली तर हे शक्य नाही. दूध ओढून प्यायला मऊ ओठ आणि गाल लागतात, ते सापाला नसतात. त्याचे दात मागे वळलेले आणि सुईसारखे टोकदार असतात. ते सडात रुतले तर म्हैस लाथ झाडल्याशिवाय राहणार नाही. शिवाय धामण भक्ष्याला अजगरासारखी आवळून मारत नाही, अंगाच्या वजनाखाली दाबून जिवंतच गिळते. मग एखाद्या दिवशी दूध कमी का निघते? तबेल्यात काम करणाऱ्याला हे ठाऊक असते की घाबरलेली म्हैस पान्हा चोरते. पायाजवळून साप सळसळत गेला तर ती बुजेल आणि दूध सोडणार नाही. म्हणजे दूध कमी होण्याशी सापाचा संबंध असू शकतो, पण दूध त्याच्या पोटात गेलेले नसते. नागपंचमीला टोपलीतला नाग वाटीला तोंड लावतो, कारण त्याला आधी कित्येक दिवस तहानलेले ठेवलेले असते. तहानलेला साप समोर येईल तो द्रव पितो. दूध त्याला नीट पचत नाही, आणि ते फुप्फुसात शिरून साप दगावतातही.

धामणीवर आणखी एक किटाळ आहे, आणि त्याची किंमत तिची पिल्ले मोजतात. धामण ही नागाची मादी असते, असा हा समज. दोन लांबलचक साप एकमेकांना पीळ घालून अर्धे अंग उभारतात, ते पाहून नाग-धामणीची जोडी लागली असे लोक म्हणतात. नवे कापड टाकायलाही काही जण धावतात. बहुतेक वेळा ते धामणीचे दोन नर असतात आणि मादीसाठी एकमेकांना जमिनीवर दाबण्याची त्यांची झुंज चाललेली असते. धामण आणि नाग या दोन वेगळ्या कुळांतल्या जाती आहेत, त्यांच्यात संकर होत नाही. तरीही धामणीचे पिल्लू ‘नागाचे’ म्हणून ठेचले जाते. आरेसारख्या उंदरांनी भरलेल्या ठिकाणी याहून तोट्याचा सौदा नाही. या पिल्लाचे डोळे मोठे, टपोरे असतात, अंगाच्या पुढच्या भागावर फिकट आडवे पट्टे दिसतात आणि फणा नसतो. नागाचे पिल्लू मात्र अंड्यातून बाहेर पडल्या दिवशीच फणा काढून दाखवते.

विषारी पिल्लांबद्दलचा समज याच्या दुसऱ्या टोकाला गेलेला आहे. पिल्लाला विषावर ताबा ठेवता येत नाही, ते सगळे विष एकदम ओतते, म्हणून ते मोठ्या सापापेक्षा घातक असते, असे वाक्य शिकलेली माणसेही बोलतात. दक्षिण कॅलिफोर्नियात रॅटलस्नेक चावलेल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या तेव्हा उलटे दिसले: साप जितका मोठा, तितका दंश गंभीर. प्रौढ सापाच्या विषग्रंथी मोठ्या असतात आणि विषाचा साठाही कित्येक पट असतो. घोणसीसारख्या काही जातींत पिल्लाच्या आणि प्रौढाच्या विषातल्या घटकांचे प्रमाण वेगळे असते हे खरे, पण त्यावरून ‘पिल्लू जास्त घातक’ असा सरसकट नियम निघत नाही. याचा अर्थ पिल्लाला हलक्यात घ्यावे असाही नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांचे पिल्लू जन्मापासून विषारी असते आणि त्याच्या दंशावर उपचार मोठ्या सापाच्या दंशासारखेच करायचे असतात. दंश झालेले लहान मूल असले तरी प्रतिविषाची मात्रा कमी करत नाहीत, कारण साप समोरच्याचे वय पाहून विष सोडत नाही. भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे दगावतात, असे २००० ते २०१९ या काळाचा अभ्यास सांगतो. त्यातली बरीच मंत्र-तंत्रात, जखम चिरण्यात, दोरी करकचून बांधण्यात आणि वाट पाहण्यात गेली. दंशाची जागा हलू न देता सरळ मोठे रुग्णालय गाठणे, हाच उपाय.

ओळखण्यात होणारी चूक सर्वांत महागात पडते ती घोणसीच्या बाबतीत. घोणस अंडी घालत नाही. तिची पिल्ले पोटातच वाढतात आणि मे ते जुलैच्या सुमारास एका वेळी वीस-चाळीस जिवंत पिल्ले जन्माला येतात. गुबगुबीत, मंद, अंगभर तपकिरी ठिपके असलेले असे पिल्लू दिसले की ‘अजगराचे पिल्लू’ म्हणून लोक हातात घेतात. राष्ट्रीय उद्यान शेजारी असल्यामुळे आरेत अजगर निघतोही, त्यामुळे हा गैरसमज इथे जास्तच पक्का होतो. घोणसीच्या पाठीवर अंडाकृती ठिपक्यांच्या तीन रांगा साखळीसारख्या ओळीने जातात. अजगराच्या अंगावरचे डाग वेडेवाकडे, एकमेकांत मिसळणारे असतात. पण आठ-दहा इंचांच्या भिजलेल्या, चिखल लागलेल्या पिल्लावर हा फरक शोधत बसणे म्हणजे बोटांशी जुगार.

कवड्या आणि मण्यार यांचेही असेच. बिनविषारी कवड्या घरात पाली खायला येतो आणि मण्यार समजून मारला जातो. कवड्याचे पांढरट पट्टे मानेकडे ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे पट्टे बहुधा जोडीजोडीने असतात आणि शेपटीकडे ठसठशीत होतात. अमेरिकेत मिल्क स्नेक विषारी कोरल सापासारखा रंगला आहे आणि तिथे पट्ट्यांच्या क्रमावर मुलांसाठी यमकही रचलेले आहे. ते यमक प्रत्येक प्रदेशात लागू पडत नाही, असे तिथले तज्ज्ञ बजावतात. इथेही पट्टे मोजून साप उचलायचा नसतो.

आता आईचा प्रश्न. पिल्लू दिसले म्हणजे आई जवळ टपून बसली आहे आणि ती सूड घेणार, ही भीती अनेक घरांत रात्रभर दिवा जाळायला लावते. नागाची मादी अंड्यांजवळ थांबते, अजगराची मादी अंड्यांना वेटोळे घालून बसते. मात्र अंडी फुटल्यावर आपल्याकडचा कुठलाही साप पिल्लांना भरवत नाही की सांभाळत नाही. पिल्लू पहिल्या तासापासून एकटे असते आणि त्यासाठी ते तयारही असते. त्याच्या तुंडाच्या टोकाला अंडे फाडायला एक इवलासा दात असतो. त्याने कवचाला चीर पाडून पिल्लू डोके बाहेर काढते आणि कधी कधी दिवसभर तसेच बसून राहते, कारण उरलेला बलक अजून पोटात ओढला जात असतो. त्या शिदोरीवर ते पहिली कात टाकेपर्यंत, म्हणजे साधारण आठ-दहा दिवस, न खाता राहू शकते. हे ठाऊक नसलेली माणसे डब्यात ठेवलेल्या पिल्लाला ‘उपाशी आहे बिचारे’ म्हणून दूध, उकडलेले अंडे, अगदी भातही चारायला जातात. हा कळवळा खरा असतो, आणि पिल्लू मरते.

मग परदेशात ही पिल्ले कशी वाढवतात? तिथे ते जबाबदारीचे, वेळखाऊ काम आहे. मिल्क स्नेकची जोडी हिवाळ्यात दोनेक महिने थंडाव्यात ठेवतात, वसंतात एकत्र आणतात. अंडी ओलसर माध्यमात साधारण दोन महिने उबवतात. निघालेले प्रत्येक पिल्लू स्वतंत्र डब्यात जाते, कारण हा साप ‘किंग स्नेक’च्या गोतातला आहे आणि इतर सापांना खातो, भावंडांनाही सोडत नाही. निसर्गात ही पिल्ले लहान सरडे खातात, त्यामुळे उंदराचे गुलाबी पिल्लू समोर ठेवले तरी काही जण आठवडेच्या आठवडे तोंड फिरवतात. त्यात हा साप पंधरा-वीस वर्षे जगतो. हौस म्हणून घेतलेले पिल्लू शिक्षण, नोकरी, लग्न, घरबदल या सगळ्यांतून सोबत न्यावे लागते. व्हिडिओत यातले काहीच दिसत नाही.

भारतात तर आधी कायदा पाहावा लागतो. ‘बिनविषारी साप पाळला तर चालतो’ हे साफ खोटे आहे. भारतीय साप वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाल्यावर नाग, घोणस यांच्याबरोबर धामणही पहिल्या अनुसूचीत गेली. या अनुसूचीतल्या प्राण्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे, आणि कायद्याच्या भाषेत शिकार म्हणजे नुसते मारणे नव्हे, पकडणेही. सापाची अंडी उचलून घरी उबवणेही त्यात बसते. सर्पमित्रालाही पकडलेला साप वनविभागाला कळवून सोडावा लागतो, घरी ठेवता येत नाही.

परदेशी सापांचे चित्र जरा वेगळे आहे, आणि नेमक्या याच फटीत अर्धसत्ये वाढतात. बॉल पायथनसारख्या आंतरराष्ट्रीय करारात नोंदलेल्या जाती ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी त्यांची नोंद ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर करावी, असा नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये आला. मिल्क स्नेक त्या करारात नाही. म्हणून तो ‘मोकळा’ आहे, असे विक्रेते सांगतात. पण जिवंत साप परदेशातून आणायला आयातीचा परवाना लागतो, आणि बाजारात चोरून फिरणाऱ्या पिल्लांमागे तसा कागद क्वचितच असतो. ती कशी येतात, हे मुंबई विमानतळावर उघड झाले आहे. डिसेंबर २०२३ मध्ये बँकॉकहून आलेल्या प्रवाशाच्या सामानात बिस्किटे आणि केकच्या पाकिटांत दडवलेले नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक महसूल गुप्तचर संचालनालयाने पकडले. जून २०२५ मध्ये थायलंडहून आलेल्या आणखी एका प्रवाशाकडे १६ जिवंत साप सापडले. पाकिटात कोंबलेल्या या जिवांपैकी किती वाटेतच मरत असतील, हा विचार रंगीत पिल्लू विकत घेताना कुणी करत नाही.

आणि कंटाळा आला की काय? ‘आरेच्या जंगलात सोडून देऊ’ हे उत्तर ऐकायला दयाळू वाटते. स्पेनच्या ग्रान कनारिया बेटावर मिल्क स्नेकचाच भाऊबंद, कॅलिफोर्निया किंग स्नेक, पाळीव म्हणून आला आणि १९९८ च्या सुमारास रानात रुजलेला आढळला. ज्या भागात तो पसरला तिथले बेटावरचे मोठे सरडे जवळजवळ नाहीसे झाले. आरेत कवड्या, नानेटी, तस्कर, कुकरी, मांजऱ्या, हरणटोळ, दिवड असे कितीतरी साप आधीच आपापल्या जागा धरून आहेत. २०२१ मध्ये इथली ८१२ एकर जमीन राखीव वन म्हणून वनविभागाकडे गेली ती याच जैववैविध्यासाठी. तिथे साप खाणारा परदेशी साप सोडणे हा मोठा अपराध ठरेल.

ज्याला सापांची खरी ओढ आहे, त्याला आरेत करण्यासारखे पुष्कळ आहे: अनुभवी माणसांबरोबर पावसाळ्यातली भटकंती, फोटो, नोंदी, पाड्यांवर आणि तबेल्यांत माहिती देणे. घरात पिल्लू निघाले तर त्याच्यावरून नजर न हलवता, दोन-तीन हात लांब उभे राहून वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा. खोदकामात अंडी लागली तर काम थांबवावे आणि त्यांना हात लावू नये. सापाचे अंडे कोंबडीच्या अंड्यासारखे उलटेपालटे करून चालत नाही, कारण आतला गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटलेला असतो आणि अंडे फिरले तर तो गुदमरतो. म्हणूनच जाणकार सर्पमित्र अशी अंडी हलवावीच लागली तर आधी प्रत्येकावर पेन्सिलीने वरची बाजू खुणावतात, त्याच स्थितीत ओलसर मातीत ठेवतात आणि वनविभागाच्या परवानगीने उबवतात. पिल्ले निघाली की ती सापडली त्याच परिसरात, पहिली कात टाकण्याच्या सुमारास सोडली जातात.