वाटेतला माल, वाटेतली फौज

सियागंजात आमचे आजोबा एका मसाल्याच्या पेढीवर मुनीम होते. रोकडवही आणि खातेवही सगळ्यांकडे असते. त्यांच्याकडे लाल कापडी बांधणीची आणखी एक असायची, तिला ते ‘वाटेतली वही’ म्हणत. केरळातून काळी मिरी निघाली, बिल्टी हातात आली, पण माल अजून गोदामात नाही आणि तिकडच्या व्यापाऱ्याकडेही उरलेला नाही. असा अधांतरी माल या वहीत. कुठून निघाला, किती पोती, कधी यायला हवा, शेवटची खबर कुठली आणि ती कोणत्या तारखेची. या शेवटच्या तारखेसाठी ते फार जपत. “माल कुठे आहे हे सगळेच लिहितात गं. आपल्याला ते कधी कळलं, तेही लिहायचं.”

ही वही मला आठवली ती मागच्या पावसाळ्यात, एका खेळात सपशेल हरल्यावर.

पुण्याची आतेबहीण, टोरांटोचा चुलतभाऊ आणि मी, आम्ही तिघं दर रविवारी ‘बॅटल फॉर वेसनॉथ’ खेळतो. डेव्हिड व्हाइट यांनी २००३ मध्ये सुरू केलेला हा खेळ फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवरही चालतो. नकाशावर षट्कोनी घरं, आळीपाळीने टर्न. टोरांटोत सकाळ असते तेव्हा आपल्याकडे रात्र, त्यामुळे एका बैठकीत चार-पाच टर्न होतात, मग खेळ सेव्ह करायचा आणि पुढच्या रविवारी तिथूनच पुढे. म्हणजे मध्ये सात दिवस. परीक्षा, ऑफिस, कुणाचं तरी लग्न.

नकाशावर धुकं ठेवलं की आपल्या सैनिकांच्या नजरेच्या टप्प्यात असतील तेवढेच शत्रू दिसतात. आपला माणूस मागे आला की तो भाग पुन्हा झाकला जातो. बुद्धिबळात सगळा पट समोर असतो, चाली लिहितात त्या पुढे वाद नको आणि डाव तपासता यावा म्हणून. इथे पटच अर्धा लपलेला.

बहीण आणि मी एका बाजूला, भाऊ विरुद्ध. त्याचे दोन लांडगेस्वार मी नदीच्या पूर्वेला पाहिले होते, म्हणून ते माझ्या डोक्यात पूर्वेलाच बसले होते. प्रत्यक्षात ते आमच्या पाठीमागे आले आणि एकेक गाव घेत सुटले. गावं गेली की सोनं आटतं, नवीन सैनिक येत नाहीत. तीन टर्नमध्ये खेळ संपला. वाईट त्यानंतर झालं. बहीण म्हणाली, “मला दिसले होते ते, माझ्या टर्नला.” मी तेव्हा चहा टाकायला उठले होते. तिला वाटलं मी पाहिलं असेल, मला वाटलं असतं तर तिने सांगितलं असतं. पुढचे दोन रविवार आम्ही खेळलो नाही आणि बोललोही नाही. एका खेळावरून! पण खरं तर खेळावरून नव्हतंच ते. “तू ऐकतच नाहीस” हे तिचं माझ्याबद्दलचं जुनं म्हणणं आहे.

आजोबांना हे सांगितलं, तर त्यांनी भांडणाबद्दल चकार शब्द काढला नाही. विचारलं, “ते घोडेस्वार एका दमात किती चालतात?” लांडगेस्वार, आजोबा. आठ घरं. “आणि पाहून किती टर्न झाले होते?” तीन. “मग चोवीस घरांच्या आत कुठेही. तू एकाच घरात बसवून ठेवलेस.”

आता आमच्या दोघींची एक सामायिक वही आहे, फोनवरची. सुरुवातीला उत्साहात प्रत्येक सैनिकाची नोंद केली, तर खेळापेक्षा लिहिणंच जास्त झालं. आपली माणसं पडद्यावर दिसतातच, ती लिहायची गरज नसते. लिहायचा तो त्यांना दिलेला हुकूम: ‘हा पुलाकडे, टर्न बारापर्यंत, मग थांब.’ नाहीतर सात दिवसांनी आपलाच भालेकरी ओसाड टेकडीवर का उभा आहे हे आठवत नाही. शत्रूचं मात्र पूर्ण लिहायचं: कोण, कुठे दिसला, कोणत्या टर्नला, कुणाला दिसला. पुढे त्याची चाल गुणिले गेलेले टर्न. साधा ऑर्क पायदळवाला पाच घरं चालतो, तोही सपाट मैदानात. वेसनॉथमध्ये सहा टर्नचा एक दिवस होतो आणि रात्री ऑर्कांचा मार पंचवीस टक्क्यांनी वाढतो, म्हणून अंधार पडेपर्यंत ते कुठवर येऊ शकतात हेही मांडून ठेवतो.

हे सगळं लिहिताना पानिपत आठवणारच. ऑक्टोबर १७६० मध्ये भाऊसाहेबांनी कुंजपुरा घेतला. अब्दाली यमुनेपलीकडे होता, नदीला पाणी होतं, तो उतरणार नाही असं धरून चाललं होतं. महिनाअखेरीस तो बागपतजवळ उतरला आणि मराठी फौज व दिल्ली यांच्या मधोमध आला. आधीची खबर खोटी नव्हती, शिळी होती. पुढे रसदीची वाट बंद झाली, ती मोकळी करायला धडपडणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले, आणि १४ जानेवारी १७६१ उजाडला. आपले मल्हारराव होळकर त्या फौजेत होते.

नानासाहेब पेशवे तेव्हा कुमक घेऊन उत्तरेकडे निघाले होते. आपल्याच माळव्यात, भेलशाला म्हणजे आजच्या विदिशाजवळ, त्यांना बातमी कळली ती एका सावकाराच्या पत्रातून. मोत्यं, मोहरा आणि खुर्दा अशा व्यापारी भाषेत माणसांची हानी लिहिलेलं ते पत्र. युद्ध होऊन दहाएक दिवस झाले होते. आजोबांना ही गोष्ट फार आवडते. पेढीवाल्यांचा कासीद पुढे असतो, असं ते मिशीत हसत म्हणतात, मग मोत्यं कोण होती ते आठवून गप्प होतात.

सध्याच्या डावात टर्न सतरा चालू आहे. परवा बहिणीने रात्री साडेअकराला नुसती एक ओळ पाठवली: ‘दोन लांडगेस्वार, पूर्वेचा घाट, टर्न चौदा, मी पाहिले.’ मी खाली लिहिलं: ‘वाचलं.’ चोवीस घरांचा घेर काढला तर आमची तीन गावं त्यात येतात. रविवारी बसण्याआधी कोणतं सोडायचं ते ठरवायचं आहे. तिला घाटाखालचं सोडायचंय, मला नाही.