तेरा नंबरचा दिवा

इतिहासात एम.ए. केलेल्या माणसाने असल्या भानगडीत पडू नये, हे मला मान्य आहे. पण नववीतल्या लेकीने विज्ञान प्रदर्शनासाठी आर्डुइनो नॅनोच्या धर्तीचा एक स्वस्त बोर्ड आणला आणि संगणक काही त्याला ओळखेना. दोन रात्री गेल्या. “अप्पा, राहू दे, मी चार्टच काढते,” ती म्हणाली. ते मला लागले.

आर्डुइनोचा जन्म २००५ च्या सुमारास इटलीतल्या इव्रेआ गावी झाला. नाव तिथल्या एका बारवरून आले आणि बारचे नाव अकराव्या शतकातल्या आर्दुइन राजावरून! म्हणजे हा विषय थोडाफार माझाही होता.

दोष निघाला केबलमध्ये. बोर्डावरचा दिवा लागे म्हणून आम्ही तिच्यावर संशयच घेतला नाही. ती निव्वळ चार्जिंगची केबल. आत माहिती नेणाऱ्या तारा नव्हत्याच. तुमच्याकडेही असे झाले तर आधी केबल बदला. मग सीएच३४० या चिपचा ड्रायव्हर घाला; स्वस्त बोर्डांवर बहुधा तीच चिप असते. आमचा प्रोग्राम तरीही चढेना. शेवटी प्रोसेसरच्या यादीत ‘ओल्ड बूटलोडर’ निवडला, तेव्हा कुठे चढला.

तेरा नंबरच्या पिनवरचा दिवा सेकंदभर लागू लागला, सेकंदभर विझू लागला. “हत्तितु नोडु!” सासूबाई आतून आल्या. तोवर लेकीने १००० मिलिसेकंदांचे २०० केलेसुद्धा.