सरोवराचे मुख आणि वाळूचा दांडा : चिलिकाचा धडा

ओडिशाच्या किनाऱ्यावरील चिलिका सरोवर हे आशियातील सर्वांत मोठ्या निमखाऱ्या पाण्याच्या खारकच्छांपैकी एक होय. महानदीच्या दया, भार्गवी आदी शाखांचे गोडे पाणी आणि भरतीचे खारे पाणी यांच्या मेळावर येथील मासळी व कोळंबी अवलंबून असते. हा मेळ राखणारे दार म्हणजे सरोवराचे मुख.

किनाऱ्याला तिरप्या येणाऱ्या लाटा वाळू पुढे वाहून नेतात. मुखातून बाहेर पडणारा ओहोटीचा प्रवाह क्षीण झाला की ही वाळू तेथेच साचून दांडा वाढतो. मुख पुढे सरकते, प्रवाहमार्ग लांबतो, भरतीचा जोर आणखी घटतो आणि वाळू अधिकच साचते. या दुष्टचक्राला वरून येणाऱ्या गाळाची भर पडते. चिलिकात क्षारता घटली, पाणवनस्पती माजल्या व समुद्रातून येणाऱ्या पिलांची वाट अडली. १९९३ मध्ये हे सरोवर रामसर कराराच्या धोकाग्रस्त पाणथळींच्या यादीत गेले.

पुण्याजवळील खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राने प्रतिरूप-अभ्यास केला. त्यानंतर सप्टेंबर २००० मध्ये साटपाड्याजवळ नवे मुख उघडण्यात आले. समुद्राकडील मार्ग सुमारे १८ किलोमीटरने कमी झाला. १९९९-२००० मधील सुमारे १,७०० टनांचे मत्स्योत्पादन २००१-०२ मध्ये १२,००० टनांच्या आसपास पोहोचले. २००२ मध्ये सरोवर त्या यादीतून वगळण्यात आले.

तथापि, मुख उघडले की काम संपले, असे मानणे धोक्याचे आहे. समुद्र वाळू आणतच राहतो. म्हणूनच चिलिकात क्षारतेचे सातत्याने मापन व पाणलोट क्षेत्रात मृदसंधारण यांवरही भर देण्यात आला.

कोकणात रत्नागिरीच्या मांडवी-भाट्ये परिसरातही मुखाशी साचणाऱ्या गाळामुळे मच्छीमारांना नौका नेण्यासाठी भरतीची वाट पाहावी लागते. अशा ठिकाणी केवळ गाळ उपसण्याची मागणी पुरेशी नाही. विस्तार कार्यकर्त्यांनी मच्छीमार व शेतकरी यांच्या साहाय्याने मुखाची जागा, ओहोटीच्या वेळची खोली आणि खाडीलगतच्या विहिरींची क्षारता यांची नोंद दरमहा ठेवावी. मुख रुंदावल्यास खारे पाणी शेताकडे किती सरकते, हे त्या नोंदींवरूनच कळेल. वरच्या उतारांवर समतल चर व गवताचे पट्टे घेतल्यास गाळाची आवकही घटेल. खाडीच्या मुखाची निगा डोंगरउतारावरील शेतापासूनच सुरू होते.